किनाऱ्यावरच्या सायकलला हब कोणता घ्यावा: पैसे कुठे घालावे, कुठे वाचवावे

पूर्णगडच्या चढावर, वळण संपता संपता, माझ्या सायकलच्या मागच्या चाकातून 'कट्' असा आवाज आला. पुढच्या दोन पॅडलांत चाक तिरकं झालं आणि टायर डाव्या दांड्याला घासायला लागलं. जुलै महिना, अंगावर रेनकोट, मुचकुंदीच्या मुखावरून येणारा वारा. सायकल ढकलत घरी आणली, पडवीत उलटी केली, चाक काढलं. एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, उजव्या बाजूला जरा आत तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला, अर्धा चकचकीत. म्हणजे तडा आधीच केव्हातरी गेला होता आणि मी त्याच्यावर बसून फिरत होतो. आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं.

ते ताक माझ्या ओळखीचं होतं. मिरकरवाडा बंदरावर २२ वर्षं मी मच्छीमारी बोटींची इंजिनं उघडली आहेत. गिअरबॉक्सच्या तेलात पाणी गेलं की ते असंच पांढरं होतं, आणि त्यानंतर बेअरिंगचे दिवस मोजायला घ्यायचे. त्या दिवसापासून मी सायकलचा हबही बोटीच्या नजरेनं पाहतो. आता पावसच्या माझ्या पडवीत आजूबाजूच्या गावांतून सायकली येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. हायस्कूलच्या एका सरांनी तो सगळ्यात सरळ विचारला, "काका, आठशे रुपयांतही हब मिळतो आणि बावीस हजारांतही. मधल्या एकवीस हजारांत नेमकं काय येतं?"

त्याचं उत्तर लिहून ठेवतो, इथल्या हवेपुरतं. घाटावरच्या माणसाला यातलं काही वेगळं वाटेल, कारण तिकडे हवेत मीठ नाही.

आत काय आहे

चाकाच्या मधोमध असलेला, तारा ज्याला अडकवलेल्या असतात तो भाग म्हणजे हब. त्याचे दोन प्रकार. पहिल्यात कप, कोन आणि सुटे छर्रे. कप हबाच्या पोटात घट्ट बसवलेला, कोन एक्सलच्या आट्यांवर फिरवून बसवायचा, आणि दोघांच्या मध्ये ग्रीसमध्ये रुतलेले छर्रे. बहुतेक हबांत पुढच्या चाकाला प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १० आणि मागच्याला प्रत्येक बाजूला १/४ इंचाचे ९. दुसऱ्या प्रकारात तयार बंद बेअरिंग, विहिरीच्या पंपाच्या मोटरीत असतं तसं, हबात दाबून बसवलेलं. दुकानात याला 'सील बेअरिंगवाला' म्हणतात.

छर्रेवाला म्हणजे स्वस्त नि जुना, सील बेअरिंगवाला म्हणजे भारी, असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. यावर विसंबू नका. शिमानो ही जपानच्या साकाई शहरातली कंपनी १९२१ साली सुरू झाली ती फ्रीव्हील बनवत, आणि तिच्या सगळ्यात वरच्या ड्युरा-एस मालिकेतले हब वर्षानुवर्षं कप-कोन-छर्रेवालेच राहिले. फरक आहे तो पोलादात. चांगला कोन कडक करून, घासून आरशासारखा केलेला असतो. स्वस्त कोन उजेडात धरून फिरवला तर कापल्याच्या रेघा नुसत्या डोळ्यांना दिसतात. खारं पाणी शिरलं की गंज पहिल्यांदा त्या रेघांत धरतो, आणि एकदोन पावसाळ्यांत कोनावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

तरीही किनाऱ्यावरच्या माणसाला मी शक्यतो बंद बेअरिंग सुचवतो, आणि त्याचं कारण वेगळं आहे. कोन आणि छर्रे बदलता येतात, पण कप हा हबाचाच भाग. कपाला खड्डे पडले की हब गेला. हब गेला म्हणजे सगळ्या तारा सोडवून चाक नव्यानं विणायचं. बंद बेअरिंगमध्ये झिजणारं जे काही आहे ते बेअरिंगबरोबर बाहेर येतं, हबाचं अल्युमिनियमचं घर शाबूत राहतं. इथल्या हवेत काहीही झिजणारच आहे हे धरून चाललं, तर झिजलेला भाग एकटा बदलता येतो का, हा मला हबाबद्दलचा पहिला प्रश्न वाटतो. किंमत त्याच्यानंतर.

म्हणून घेण्याआधी बेअरिंगचा नंबर विचारा. ६००० म्हणजे आतला व्यास १०, बाहेरचा २६, जाडी ८ मिलिमीटर. ६००१ म्हणजे १२, २८, ८. हे दोन नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळावेत, कारण मोटरींत आणि यंत्रांत ते सर्रास लागतात. ६९०२ म्हणजे १५, २८, ७ आणि ६८०२ म्हणजे १५, २४, ५. हे मागवावे लागले तरी मिळतात. या दोघांत निवड असेल तर ६९०२ घ्या, त्याचे छर्रे मोठे असतात आणि भार जास्त सोसतात. पण काही हबांत १५, २६, ७ अशा मापाचं बेअरिंग असतं, त्याला १५२६७ म्हणतात. ते सायकलींखेरीज फारसं कुठे लागत नाही. असा हब घेतलात तर जास्तीचे दोन जोड त्याच दिवशी घेऊन ठेवा. नाहीतर ऐन पावसात चाक टांगून कुरियरची वाट बघावी लागेल.

नंबरापुढची अक्षरंही वाचा. 'टू-आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, 'झेडझेड' म्हणजे पत्र्याची झाकणं. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी अडवत नाही. एकदा एका दुकानातून नामांकित शिक्क्याची बेअरिंग मला नेहमीपेक्षा खूपच कमी दरात मिळाली. एका पावसाळ्यात चारही अडकली. उघडली तर आत ग्रीस नावापुरतं आणि शिक्का नखानं पुसला जाणारा. त्यानंतर मी खोक्यावरची नव्हे, बेअरिंगवरची अक्षरं पाहतो. खऱ्या बेअरिंगवर ती कोरलेली असतात, छापलेली नाहीत.

दुकानात बोटांनी काय तपासायचं

चाक फ्रेममधून काढायला सांगा. एक्सलची दोन टोकं दोन्ही हातांच्या बोटांत धरा आणि अगदी सावकाश फिरवा. चाक जोरात फिरवून ते किती वेळ फिरतं हे पाहण्याचा उपयोग नाही. कोरडा, ग्रीस नसलेला हब सगळ्यात जास्त वेळ फिरतो. बोटांना काय लागतं ते महत्त्वाचं. वाळू चिरडल्यासारखं लागलं तर आत घाण किंवा खड्डे. ठरावीक जागी अडखळून पुढे सरकत असेल तर कोन जास्त आवळलेले. एक्सल वरखाली हलत असेल तर खेळ आहे. काहीशे रुपयांतल्या नव्या हबांत पहिल्या दोन गोष्टी फार वेळा सापडतात, कारण कारखान्यात कोन यंत्रानं कचकचून आवळलेले असतात आणि ग्रीस चिमूटभर असतं. नवी स्वस्त सायकल घेतली असेल तर वापरायला काढण्याआधी दोन्ही हब उघडून, ग्रीस भरून घ्या. मजुरी फारशी पडत नाही आणि हबाचं आयुष्य माझ्या अनुभवानं दुप्पट होतं.

मग सील पाहा. एक्सल जिथे हबात शिरतो तिथे डोळा लावा. स्वस्त हबात तिथे प्लास्टिकची किंवा पत्र्याची टोपी असते आणि तिच्या नि कोनाच्या मध्ये फट दिसते. नख शिरत असेल तर भाट्याच्या पुळणीवरचं पाणीही शिरणार. शिमानोच्या डिओर या मधल्या दर्जापासून पुढे या जागी रबराची ओठासारखी कड असते, ती फिरताना टेकलेली राहते. तिच्यामुळे चाक किंचित जड फिरल्यासारखं वाटतं. ते जडपण मला हवंच असतं.

त्या जडपणाची भीती घालवायला एक हिशोब सांगतो. सायकलच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. ताशी २० किलोमीटरनं गेलात तर चाकाचे मिनिटाला १६० च्या आसपास फेरे होतात. बोटीचं डिझेल इंजिन मिनिटाला हजाराच्या वर फिरतं. सायकलचा हब बेअरिंगच्या दृष्टीनं इतका हळू फिरतो की सीलच्या घर्षणात जाणारी ताकद टायर आणि वाऱ्यापुढे हिशोबात धरण्याजोगी नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या कितीतरी पट ताकद वाया जाते.

शेवटी चाक आवळायची क्विक रिलीजची खिटी. जिचा आस उघडा, प्लास्टिकच्या वाटीवर घासणारा असतो ती खाऱ्या हवेत लवकर जाम होते आणि नीट आवळत नाही. आस आत झाकलेली, बंद खिटी घ्या. हा खर्च छोटा आहे, पण चाक जागेवर राहण्याशी त्याचा संबंध आहे.

मागच्या चाकात पैसे का

पुढचा हब नुसता फिरतो. मागचा हब तुमचं वजन पेलतो, साखळीची ओढ सोसतो, आणि पॅडल थांबवल्यावर चाक मोकळं सोडायचं कामही त्याच्याच पोटात असतं. माझा एक्सल तुटला तो नशिबानं नव्हे. हबाच्या रचनेतच ते लिहिलेलं होतं.

स्वस्त गिअरच्या सायकलींत गिअरच्या चकत्यांचा अख्खा गठ्ठा हबावर आट्यांनी चढवलेला असतो. त्याला फ्रीव्हील म्हणतात, आपण नुसतं फ्री म्हणतो. त्या गठ्ठ्याला जागा द्यायची म्हणून उजवीकडचं बेअरिंग हबाच्या आत सरकतं, आणि तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल आधाराशिवाय लोंबकळत राहतो. सात चकत्यांच्या फ्रीला हे अंतर चांगलंच मोठं होतं. गोळपच्या सड्यावरून खड्ड्यांतून जाताना प्रत्येक दणका त्या लोंबत्या तुकड्यावर. तो आधी वाकतो, मग एखाद्या चढावर तुटतो. कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्यांचा गठ्ठा, हबावर सरकवून बसणारा. कॅसेटच्या हबात, म्हणजे ज्याला फ्रीहब म्हणतात त्यात, मोकळं सुटायचं यंत्र हबाचाच भाग असतं. शिमानोच्या कप-कोनवाल्या फ्रीहबात उजवीकडचं बेअरिंग त्याच्या बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ येतं; बंद बेअरिंगच्या हबांत एक्सलच जाड असतो आणि फ्रीहबाला स्वतःची बेअरिंग असतात. कुठल्याही रीतीनं, एक्सल वाकण्याचा प्रश्न जवळपास मिटतो.

तेव्हा तुमच्याकडे फ्रीवाली सायकल असेल, वजन ७५-८० किलोच्या पुढे असेल किंवा मागे सामान बांधून घाट चढत असाल, तर पहिला खर्च कॅसेटच्या मागच्या चाकाचा करा. डिओर दर्जाचा हब पुरे; तो छर्रेवाला असला तरी त्याचं सील चांगलं असतं. आठ-नऊ गिअरच्या फ्रीहबवर सात चकत्यांची कॅसेट ४.५ मिलिमीटरची रिंग घालून बसते, म्हणजे गिअर बदलायचे खटके तेच राहतात. फक्त फ्रेमची आतली रुंदी आधी मोजा.

फ्रीहबच्या पोटात छोटे स्प्रिंगवाले तुकडे असतात, त्यांना कारागीर कुत्रे म्हणतात. पॅडल मारलं की ते दात्यांत अडकतात, सोडलं की टकटक करत दात्यांवरून घसरतात. इथे दोन चुका फार दिसतात. पहिली म्हणजे पाणी जाऊ नये म्हणून त्यात जाड ग्रीस भरणं. कुत्रे ग्रीसमध्ये चिकटून बसतात, उठत नाहीत, आणि उभं राहून जोर मारताना पॅडल एकदम मोकळं जातं. माणूस नाकावर आपटतो. तिथे पातळ ग्रीस किंवा जाडसर तेलच. दुसरी चूक खोबरेलाची. आपल्या घरात कुठल्याही कुरकुरीला खोबरेल लावायची सवय आहे. पण खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं आणि कालांतरानं चिकट होतं. पौषातल्या पहाटे सायकल काढलीत आणि फ्री अडखळली, तर आधी ते कुणी घातलंय का विचारा.

महाग हबांत काय मिळतं

आता सरांच्या एकवीस हजारांकडे येतो. तुटलेल्या एक्सलनंतर मी आधी मधल्या किमतीचा हब घेतला आणि पुढे पैसे साठवून स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसचा ३५० हा मागचा हब घेतला. त्याच्या फ्रीहबात कुत्रे नाहीत. दात्यांच्या दोन चकत्या समोरासमोर असतात आणि दोन स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. जोर येतो तो तीन-चार तुकड्यांवर नाही, सगळ्या दात्यांवर एकदम. पण मला तो आवडला त्याच्या उघडण्यामुळे. बाजूची टोपी हातानं ओढायची, फ्रीहब बाहेर, चकत्या हातात. पाना लागत नाही. पुसायचं, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, परत बसवायचं. पाच मिनिटं. पावसाळ्यात हे मी महिन्यातून एकदा करतो, आणि करायला सोपं आहे म्हणूनच करतो. छर्रेवाल्या हबाचं काम अर्ध्या दिवसाचं असतं, त्यामुळे तेच काम पुढच्या रविवारवर जातं.

इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बार्नोल्ड्सविक गावात होप ही कंपनी हब बनवते, त्यात स्टेनलेस पोलादाची बेअरिंग येतात. अमेरिकेतली क्रिस किंग कंपनी बेअरिंगसुद्धा स्वतःच बनवते आणि त्यांची सीलं काढून आत धुऊन ग्रीस भरता येतं. स्टेनलेसला गंज उशिरा धरतो, म्हणून किनाऱ्याला या दोन गोष्टी मोलाच्या. क्रिस किंगची किंमत मात्र माझ्या हिशोबात बसत नाही. तेवढ्यात एक चांगली अख्खी सायकल येते.

या सगळ्यांच्या जाहिरातीत एक शब्द जोरात असतो तो दाते किंवा अंशांचा. पॅडल परत मारल्यावर हब किती लवकर पकड घेतो त्याचं ते माप. १८ दाते म्हणजे २० अंश, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे ७ च्या आतबाहेर. क्रिस किंगचे ७२, म्हणजे ५ अंश. होपच्या प्रो ४ मध्ये ४४ जागा होत्या, प्रो ५ मध्ये १०८. हे अंश चाकाचे आहेत. पायाला किती जाणवतं हे गिअरवर ठरतं. पुढे ३२ आणि मागे १६ दाते असतील तर चाकाचे २० अंश पायापाशी १० होतात. मागे ३२ असतील, म्हणजे चढावर, तर २० चे २० राहतात. दगडधोंड्यांतून सायकल उचलून चालवणाऱ्यांना हा फरक लागतो. आरे-वारेच्या रस्त्यावर गणपतीपुळ्याला जाणाऱ्याला १८ दात्यांतही काही अडत नाही. माझ्या ३५० मध्ये १८ चेच आहेत. दाते मोठे, मजबूत, आणि मीठ-मातीला जास्त सोसतात.

ज्याचे पैसे मी देणार नाही

वजन. हबातले शंभर ग्रॅम चाकाच्या मध्याशी असतात, ते फिरवायला ताकद लागतच नाही म्हटलं तरी चालेल. तेवढेच ग्रॅम टायरमध्ये वाचवलेत तर पायाला कळतील. हलकेपणासाठी फ्रीहबचं घर अल्युमिनियमचं करतात. कॅसेटच्या चकत्या त्यात खाचा पाडतात आणि खारट ओलीत तिथेच चिकटून बसतात. पोलादी घर मिळत असेल तर तेच घ्या, आणि कॅसेट बसवताना खाली ग्रीसचा हात द्या.

सिरॅमिक बेअरिंग. छर्रे सिरॅमिकचे असले तरी ते ज्यावरून फिरतात त्या रिंगा बहुधा पोलादीच असतात. छर्रे गंजणार नाहीत, रिंगा गंजतील. कितीतरी जास्त किमतीत तोच शेवट.

आवाज. पॅडल सोडल्यावर मोठ्यानं करकरणारा हब तरुण मुलांना फार आवडतो. आतलं ग्रीस काढून टाकलं की कुठलाही हब जास्त ओरडतो.

कुणी काय घ्यावं

आमच्याकडे पहाटे पाव घेऊन येणारे एक भाऊ आहेत. काळी सायकल, मागच्या चाकाला ४० तारा, कॅरिअरवर पावाचं भलं मोठं खोकं. त्यांनी मला विचारलं, "मी पण तो बेअरिंगचा टाकू काय?" मी नको म्हटलं. त्यांचा पोलादी हब शेकड्यांत मिळतो, कोन नि छर्रे कुठल्याही सायकलच्या दुकानात, आणि गिअर नसल्यामुळे एक्सल लोंबकळत नाही. मी त्यांना फक्त वर्षातून तीनदा ओव्हरऑइल, म्हणजे हब उघडून, साफ करून ग्रीस भरायला सांगितलं, आणि जुन्या हबाच्या मधोमध तेल सोडायचं जे भोक असतं त्याची हरवलेली स्प्रिंगपट्टी नवी बसवून दिली. त्या उघड्या भोकातूनच पाणी जात होतं.

शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या सायकलीलाही मी हब बदलायला सांगत नाही. उघडून, साफ करून, नवे छर्रे घालून दिला की पुष्कळ झालं. त्या पैशांत चांगले ब्रेक रबर आणि मडगार्ड घ्यावेत.

माझ्यासारखा पावसहून रत्नागिरीला रोज येजा करणारा, जाऊन-येऊन ३५-४० किलोमीटर, पावसातही: मागे डिओर दर्जाचा किंवा तैवानच्या नोव्हाटेकसारखा बंद बेअरिंगचा हब, पुढे असेल तो. पाच-दहा हजारांच्या आत काम होतं आणि मला वाटतं बहुतेकांनी इथेच थांबावं.

रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग करणारे, दाभोळ-धोपाव्याला नि जयगड-तवसाळला फेरीबोटीवर सायकल चढवणारे, मागे दोन पिशव्या बांधलेले लोक डिसेंबर-जानेवारीत आमच्या दारावरून जातात. त्यांनी मागचा हब महाग घेतला तर तो खर्च वाया नाही. वाटेत हब गेला तर आंबोळगड नि विजयदुर्गच्या मध्ये कॅसेटचा हब कुणाच्या दुकानात टांगलेला नसतो.

मागवण्याआधी मोजायचं

फ्रेमची आतली रुंदी: मागे जुन्या रोड सायकलींत १३० मिलिमीटर, एमटीबीत (डोंगरी सायकलींत) १३५, आरपार जाणारा जाड थ्रू-एक्सल असेल तर १४२ किंवा १४८. पुढे १००, काही नव्यांत ११०. डिस्क ब्रेक असेल तर चकती सहा स्क्रूंची की मधल्या रिंगनं आवळायची, ते पाहा. कॅसेट कुठल्या फ्रीहबवर बसते तेही विचारा, कारण बारा गिअरच्या बऱ्याच कॅसेटींना वेगळं घर लागतं. रिममध्ये भोकं किती तेवढीच हबात हवीत. मी ३२ भोकांचा आणि वाकलेल्या डोक्याच्या साध्या तारांचा हब घेतो, सरळ डोक्याच्या तारांचा नाही, कारण तशा तारा इथे मिळत नाहीत. जांभ्याच्या लाल चिखलात रिम ब्रेकची रिम हबापेक्षा कितीतरी आधी झिजते, आणि ३२ भोकांची नवी रिम सहज मिळते. चाक विणून घेताना तारा स्टेनलेसच्या आणि निपल, म्हणजे तारेच्या टोकाचे नट, पितळेचे सांगा. अल्युमिनियमचे निपल खाऱ्या हवेत स्टेनलेस तारेवर पांढरे पडून चिकटतात, मग चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायला गेलं की तुटतात.

पावसाआधी आणि पावसानंतर

रत्नागिरीला चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मी मेअखेरीला एकदा, गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हब उघडतो. पुळणीवर सायकल घातली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायची. बादली आणि फडकं, किंवा नळीची मंद धार. गाड्या धुवायचा जोराचा फवारा हबावर मारू नका, सीलचा ओठ उचलून पाणी आत घुसतं. उन्हात तापलेली सायकल तशीच खाडीच्या पाण्यात घालू नका, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. मोटारीच्या टपावर भर पावसात सायकल नेणंही हबाला तितकंच वाईट.

छर्रेवाला हब उघडताना खाली परात ठेवा. १३ आणि १५ चे पातळ कोन पाने लागतात, साधा पाना त्या फटीत शिरत नाही. एकाच बाजूचा लॉकनट आणि कोन सोडा, दुसरी बाजू तशीच ठेवा, म्हणजे एक्सल परत मधोमध बसतो. छर्रे मोजा आणि टाकून द्या. नवे घालायचे, जुन्या-नव्यांची भेसळ नाही. स्वस्त हबात छर्रे पत्र्याच्या पिंजऱ्यात असतील तर पिंजरा फेकून सुटे, पूर्ण संख्येनं भरा. कप डिझेलनं धुवा, कोरडा करा, बोट फिरवा. मग ग्रीस. बंदरावर आउटबोर्ड इंजिनांच्या सामानाच्या दुकानात मरीन ग्रीस मिळतं, कॅल्शियम सल्फोनेटचं मिळालं तर उत्तम. ते पाण्यानं धुऊन जात नाही. आधीचं ग्रीस पूर्ण पुसा, दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊ शकतात. कप भरभरून भरा, जास्तीचं बाहेर आलं की पुसता येतं.

कोन लावताना एक बारीक गोष्ट आहे. क्विक रिलीजचा एक्सल पोकळ असतो आणि खिटी आवळली की तो केसभर दबतो. म्हणून चाक हातात असताना अगदी किंचित खेळ ठेवायचा. फ्रेममध्ये बसवून खिटी आवळली की तो खेळ नाहीसा झाला पाहिजे. हातातच बरोब्बर केलात तर फ्रेममध्ये तो जास्त आवळला जातो आणि कप खातो. नटवाल्या भरीव एक्सलला हे लागू नाही, तिथे खेळ मुळीच ठेवू नका.

बंद बेअरिंगचं काम त्याहून सोपं. ब्लेडच्या टोकानं सील आतल्या रिंगेच्या बाजूनं हळूच उचला, डिझेलनं धुवा, वाळवा, मरीन ग्रीसनं जवळजवळ पूर्ण भरा आणि सील दाबून बसवा. वेगानं फिरणाऱ्या मोटरीत बेअरिंग इतकं भरायचं नसतं, पण १६० फेऱ्यांच्या चाकात ग्रीस जितकं जास्त तितकी पाण्याला जागा कमी. नवं बेअरिंग हबात बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगेवर द्या. त्याच मापाची सॉकेट आणि लांब बोल्ट-नट वापरून आवळत न्या. हातोड्यानं आतल्या रिंगेवर ठोकलंत तर छर्रे रिंगेत खळगे पाडतात आणि नवं बेअरिंग बसवल्या क्षणापासून खराब होतं. कॅसेट परत चढवताना वरची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा, म्हणजे हातभर लांब पान्यानं नेटानं.

सरांनी शेवटी मागे डिओरचा हब घेतला आणि उरलेल्या पैशांत कॅरिअर. त्यांच्या पिशवीत मी एक जुनी फिल्मची डबी दिली आहे: ग्रीसमध्ये बुडवलेले १/४ इंचाचे १८ छर्रे आणि मागच्या उजव्या बाजूचा एक कोन. गणपतीच्या आधी त्यांचं चाक माझ्याकडे यायचं ठरलंय.